पेठेनं केलेला इंजिनिअर

मुश्ताकभाईंचा फोन आला तेव्हा मी प्रेसवर उभी होते. एका संघाच्या जर्स्यांवर नंबर बसवायचं काम चालू होतं आणि तापलेली प्रेस सोडून हलता येत नाही, म्हणून फोन स्पीकरवर टाकला. मुश्ताकभाई शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मेंटेनन्सचे सुपरवायझर आणि माझा थोरला भाऊ विलास, म्हणजे आमचा अण्णा, त्यांच्या हाताखाली फिटर. मुश्ताकभाई म्हणजे मशीनच्या आवाजात आयुष्य गेलेला माणूस, एरवी फोनवरसुद्धा ओरडून बोलतो. त्या दिवशी आवाज खाली होता. "ताई, अण्णा चहा प्यायला म्हणून खाली बसले... ते उठंनात. दवाखान्यात न्यायलोय. तुमी या." मी विचारलं, "शुद्धीवर आहे का?" त्यावर ते नुसतेच "या तुमी" म्हणाले. मी प्रेस बंद केली, कामावर आलेल्या बायकांना घरी जायला सांगितलं आणि रिक्षा बघायला बाहेर पडले. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलेलं होतं. हृदयविकार, छप्पन्न वर्षं, फार वेळ लागला नाही असं डॉक्टर म्हणाले.

याला आता दीड महिना झाला. भेटायला येणाऱ्या माणसांचा ओघ आटला. पण त्या दिवसांत आलेल्या जवळजवळ प्रत्येकानं एक वाक्य म्हटलं आणि ते मला अजून टोचतं. "केवढा मोठा इंजिनिअर गेला हो पेठेचा!" आमच्या घरात इंजिनिअर कधीच कुणी नव्हता. अण्णा फिटर होता. आणि आयुष्याची शेवटची तीन वर्षं त्या एका शब्दातून सुटायची धडपड करण्यात त्यानं घालवली. तो सुटला की नाही, हे मला अजून नक्की सांगता येत नाही. म्हणून लिहितेय. मी लेखिका नाही, जर्स्या शिवते. जे झालं ते सांगता येईल तेवढं सरळ सांगते.

अण्णा आमच्या तालमीच्या संघात लेफ्ट बॅक खेळायचा. कोल्हापुरात पेठेची तालीम म्हणजे नुसता आखाडा नव्हे, तोच फुटबॉल संघ, तोच गणपती, तोच लग्नातला मांडव आणि मयताचा खांदासुद्धा. गुडघा गेला आणि खेळ सुटला, तालीम सुटली नाही. लग्न केलं नाही. फाउंड्रीतून सुटला की घरी पिशवी टाकायची, आईच्या हातचा चहा घ्यायचा आणि तालमीच्या कट्ट्यावर जाऊन बसायचं, हा पंचवीस वर्षांचा क्रम. माझं सासर दोन गल्ल्या सोडून आणि माहेरच्या पुढच्या खोलीत माझं वर्कशॉप, त्यामुळे हा क्रम मी रोज डोळ्यांनी बघितला आहे. मग फाउंड्रीत कामं कमी झाली, एक पाळी बंद पडली आणि अण्णा घरी बसला. कुणीतरी एजंट गाठून दिला. आखातात काम होतं. अण्णानं दुसरं काही विचारलंच नाही, कारण काम फुटबॉलच्या स्टेडियमचं होतं. तिथं वर्ल्ड कपच्या मॅचेस होणार होत्या. आई म्हणाली, "अरं, लांब हाय ते." अण्णा म्हणाला, "आये, मी जे बांधणार त्येच्यात अख्खी दुनिया येऊन बसणार हाय. दोन वर्षांत येतो की."

तो चार वर्षांनी आला. गेल्या गेल्या कंपनीच्या ऑफिसात पासपोर्ट जमा झाला. दोन वर्षं संपली तेव्हा काम संपलं नव्हतं, आणि काम संपल्याशिवाय पासपोर्ट मिळणार नव्हता. अण्णा ज्या कंपनीत होता ती कुणा मोठ्या ठेकेदाराच्या हाताखालची, तो आणखी कुणाच्या हाताखालचा. अण्णा विचारायला गेला की एक जण दुसऱ्याकडं बोट दाखवायचा. पहाटे बस कॅम्पवरून स्टेडियमवर, अंधार पडताना बस स्टेडियमवरून कॅम्पवर, मधे काही नाही. सुट्टीच्या दिवशी कॅम्पच्या भिंतीलगत चालायचं, एवढंच फिरणं. तिसऱ्या वर्षी आई गेली. मी व्हिडिओ कॉल लावला. अण्णाच्या मागं पांढरी भिंत होती आणि लोखंडी पलंगांच्या दोन ओळी. तो म्हणाला, "शोभे, फोन जरा खाली धर, मला तिचे पाय दिसंनात." मी फोन धरून उभी राहिले. मग नेटवर्क गेलं. पुन्हा लागलं तेव्हा आम्ही पंचगंगेच्या घाटावरून परत आलो होतो.

स्टेडियमबद्दल मात्र तो भरभरून बोलायचा. बाहेरून ते अर्धवट उघडलेल्या शिंपल्यासारखं होतं. दोन भलेमोठे वाकलेले पांढरे पापुद्रे, एक खाली, एक वर, आणि मधल्या फटीतून आत उजेड यायचा. वरच्या पापुद्र्याला मधे एकही खांब नव्हता. अण्णा म्हणायचा, तिथं उभं राहून वर बघितलं की हे धरलंय कशानं तेच कळत नाही. पण त्याचं काम वर नव्हतं, खाली होतं. तो खुर्च्या बसवायचा. सिमेंटच्या पायऱ्यांना भोकं पाडायची, बोल्ट बसवायचे, त्यावर खुर्ची, मग पान्यानं आवळायचं. खुर्च्यासुद्धा साध्या नव्हत्या. मैदानाजवळच्या पांढऱ्या, वर जाईल तशा फिक्या निळ्या आणि शेवटच्या रांगेत गर्द निळ्या, म्हणजे लांबून लाट चढल्यासारखी दिसावी. प्रत्येक खुर्चीला आपला नंबर, आपली जागा. एक जरी इकडची तिकडं झाली तर वरून बघणाऱ्याला तेवढाच डाग दिसणार. "जर्सीला चुकून दुसऱ्या रंगाचा दोरा लागला की तुला जसं दिसतंय तसं," असं त्यानं मला समजावलं होतं. त्याच्या हातून एकही चुकली नाही, हे तो दोनदोनदा सांगायचा. गवत अंथरायच्या आधीच त्याच्या तुकडीला दुसऱ्या साइटवर हलवलं. त्या मैदानावर चेंडू पळताना त्यानं कधीच बघितला नाही. वर्ल्ड कपच्या मॅचेस त्यानं कॅम्पच्या जेवणघरात पडद्यावर बघितल्या. सगळे चेंडू बघायचे, हा प्रेक्षक बघायचा. "गोल झाला की माणसं उठायची शोभे, आन उठली की माझ्या खुर्च्या दिसायच्या. मी म्हणायचो, अजून दोन मिनटं नाचा गड्यांनो, बसू नका."

आता चुकीकडं येते. चूक अण्णाचीच होती आणि ते तो स्वतः मान्य करायचा. साइटवर डोक्यावरच्या हेल्मेटच्या रंगावरून माणूस ओळखायचा. कामगारांचं पिवळं, इंजिनिअरचं पांढरं. एक दिवस दुपारच्या सुट्टीत एका केरळी इंजिनिअरनं गमतीनं आपलं पांढरं हेल्मेट अण्णाच्या डोक्यावर ठेवलं, हातात नकाशाची गुंडाळी दिली आणि मागं तो शिंपला येईल असा फोटो काढला. अण्णानं तो तालमीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली काही लिहिलं नाही. पंचवीस वर्षं कट्ट्यावर बसलेल्या माणसाला एकदा आपल्या माणसांसमोर मिरवावंसं वाटलं, तेवढंच. ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला.

आणि तो आला त्या दिवशी बसस्थानकावर तालीम हजर होती. हलगी, उघडी जीप, गुलालाची पोती. चौकात दुमजली उंचीचा फ्लेक्स. वर तो शिंपला, खाली पांढरं हेल्मेट घातलेला अण्णा आणि मधे सोनेरी अक्षरं, 'आंतरराष्ट्रीय स्टेडियमचे शिल्पकार, पेठेचा अभिमान, इंजिनिअर विलासअण्णा'. मला कुणी काही विचारलं नव्हतं. मी स्वागताला म्हणून गेले आणि बघत उभी राहिले. अण्णा बसमधून उतरला तो हातात एक पिशवी घेऊन. आईच्या फोटोला घालायला त्यानं तिथून एक हार आणला होता. त्याला आधी घरी जायचं होतं. तालमीचे अध्यक्ष बापू, अण्णाच्या बरोबरीनं खेळलेले, त्यांनी त्याला मिठी मारून थेट जीपवर चढवलं. "बापू, आधी घरला जातो रं," अण्णा म्हणाला. "घर कुठं पळून चाललंय व्हय? आधी चौक!" चार तास जीप पेठेतून फिरली. मी बाजूनं चालत होते. अण्णा दोन्ही हात जोडून उभा होता आणि पिशवी गुलालात भिजू नये म्हणून शर्टाच्या आत धरली होती. आमच्या दारावरून जीप गेली तेव्हा त्यानं उतरायला पाय टाकला, पण गर्दीनं त्याला पुन्हा वर उचललं.

संध्याकाळी तालमीत सत्कार झाला. फेटा, शाल, श्रीफळ. अण्णाच्या हातात माइक दिला. मी पहिल्या रांगेत बसले होते. त्यानं घसा साफ केला आणि म्हणाला, "मंडळी, गैरसमज व्हायला नको. मी इंजिनिअर न्हाय. मी तिथं खुर्च्या बसवत हुतो." बापूंनी माइक ओढून घेतला. "बघा! बघा मोठा माणूस कसा असतुय! येवढं स्टेडियम उभं केलं आन म्हणतोय खुर्च्या बसवल्या! हेला म्हणायचं कोल्हापूरचं पाणी!" टाळ्या थांबेनात. अण्णा माइककडं हात पुढं करत होता आणि लोक तो हात धरून हस्तांदोलन करत होते. त्या वेळी त्यानं माझ्याकडं बघितलं. मी उठून 'तो खरं सांगतोय' म्हणू शकले असते. उठले नाही. पेठेतल्या तीन संघांच्या जर्स्या माझ्याकडं शिवायला येतात, त्या तालमीच्या शब्दावर येतात. मी टाळ्या वाजवल्या.

माणसानं खोटं बोलावं आणि अडकावं हे मी समजू शकते. अण्णा खरं बोलून अडकला. त्यानंतर त्यानं अनेकदा सांगून बघितलं, पण जितकं सांगावं तितका त्याचा नम्रपणा वाढत गेला. शाळेच्या स्नेहसंमेलनाला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावणं आलं. नाही म्हणाला तर "अण्णा भाव खायला लागले" झालं, म्हणून गेला. लोक घराचे नकाशे घेऊन यायचे, "जरा स्लॅबवर नजर टाका की." तो म्हणायचा, मला कळत नाही. ते म्हणायचे, "आमच्या दोन खोल्यांकडं तुमी कशाला बघताय म्हणा!" आणि तोंड फुगवून जायचे. काम मागायला तो शिरोलीला गेला तर ओळखीच्या मालकानं उठून खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाला, "अण्णा, चेष्टा करताय काय गरिबाची? तुम्हाला फिटर म्हणून ठेवला तर पेठ माझं ऑफिस फोडंल." दुसऱ्या ठिकाणीही तेच. घरी आला की पुढच्या खोलीत माझ्या मशीनशेजारी बसायचा. बाहेर पडला की चौक लागायचा आणि चौकात तो स्वतःच दोन मजले उंच उभा होता. गणपतीत जुना फाटला म्हणून नवा लावला, पहिल्यापेक्षा मोठा. एकदा म्हणाला, "तिथं निदान कळायचं तरी, पासपोर्ट कुठल्या कपाटात हाय ते."

दोन वर्षं अशी गेली. मग तालमीला सरावाच्या मैदानाच्या एका बाजूला गॅलरी बांधायची परवानगी मिळाली. बापू पेढे घेऊन घरीच आले. "अण्णा, आता आपलं बी स्टेडियम. तसलंच पायजे. शिंपला." अण्णा म्हणाला, "बापू, त्येला इंजिनिअर लागतुय." बापूंनी माझ्याकडं बघून डोळे मिचकावले. "आमच्याकडं हाय की!" अण्णा त्यांना समजावत बसला. तसलं छप्पर किती अवघड असतं, कुठं काय वाकतं, भार कुठून कुठं जातो हे तिथल्या माणसांनाच ठाऊक, आपण खालून बघितलेलं... आणि सांगता सांगता माझ्या ऑर्डरच्या वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीनं त्यानं तो शिंपला काढला. हे बघ, इथं खांब नाही, म्हणजे किती कठीण! बापूंनी पान टर्रकन फाडलं आणि खिशात घातलं. आम्हाला वाटलं, कट्ट्यावर दाखवायला नेलं असेल. महिन्याभरानं मैदानावर पाइप येऊन पडले, तेव्हा कळलं की तेच पान फॅब्रिकेटरच्या हातात गेलंय. आणि त्यावर बापूंनी अण्णाकडून एका कार्यक्रमात घेतलेली सही चिकटवून झेरॉक्स काढली होती, ऐटीसाठी.

अण्णा त्या दिवशी पहिल्यांदा माझ्यावर ओरडला. "शोभे, तू सांग त्यांना! माझं कोण ऐकत न्हाय, तुझं ऐकतील." मी म्हणाले, बघू. बघितलं नाही. सीझन तोंडावर आला होता. फॅब्रिकेटर चांगला माणूस होता, शेड बांधण्यात हात बसलेला, पण त्यानं आयुष्यात खांबाशिवाय काही उभं केलेलं नव्हतं. त्यानं पाइप वाकवले, पत्रे मारले, पांढरा रंग दिला. लांबून खरंच शिंपल्यासारखं दिसायचं. लोक गाड्या थांबवून फोटो काढायचे. अण्णा रोज जाऊन खाली उभा राहायचा आणि वर बघायचा. मग खुर्च्या आल्या, आणि तो म्हणाला, ह्या मी बसवणार, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. आठ-दहा दिवस सकाळी पाना आणि ड्रिल घेऊन जायचा, संध्याकाळी हात काळे करून यायचा, दोन भाकऱ्या जास्त खायचा. तो परत आल्यापासून मी त्याला तसा बघितला नव्हता. शेवटची खुर्ची आवळून तो तिच्यावर बसला, आणि तेवढ्यात वारं सुटलं. साधं वारं. वरचा पत्रा थरथरला आणि ती थरथर पाइपातून पायरीत आणि पायरीतून खुर्चीत आली. "मला बुडाला कळलं," तो म्हणाला. "त्या स्टेडियमात वादळात बसलो हुतो, खुर्ची हलली न्हवती."

तो बापूंकडं गेला. रविवारी उद्घाटनाचा सामना होता, पाहुणे ठरले होते, पत्रिका वाटून झाल्या होत्या. बापू हसले. "तूच उभं केलंस आन तूच भितोस? नजर लागंल म्हणून बोलतोयस व्हय?" अण्णा परत आला आणि जेवला नाही. शनिवारी दुपारी आमच्या संघाचा मोठ्या मैदानावर सामना होता, सगळी पेठ तिकडं गेली होती. अण्णा पाना घेऊन सरावाच्या मैदानावर गेला आणि एकट्यानं सगळ्या खुर्च्या काढल्या. प्रत्येक नट, प्रत्येक वॉशर. मी डबा घेऊन गेले तेव्हा शेवटच्या रांगेपर्यंत पोचला होता. काढलेल्या खुर्च्या त्यानं मैदानाच्या मधोमध ओळीनं मांडल्या होत्या, एकीतही अंतर कमीजास्त नाही. पायऱ्यांवर नुसते बोल्ट वर आलेले, म्हणजे सतरंजी टाकूनही कुणाला बसता येऊ नये. मी विचारलं, "उद्या काय सांगणार?" म्हणाला, "जे पयल्या दिवशी सांगितलं तेच."

रविवारी सकाळी जे झालं ते पेठेत सगळ्यांना माहीत आहे, पण प्रत्येक जण वेगळं सांगतो, म्हणून मी बघितलेलं लिहिते. अण्णा गॅलरीच्या खालच्या पायरीवर उभा होता, हातात पाना. समोर पाचशे माणसं. पलीकडच्या पेठेची पोरं खिदळत होती, "अरं, हेंच्या खुर्च्या चोरीला गेल्या! उभ्यानं बघा मॅच!" बापूंचा चेहरा लाल झालेला. "अण्णा, ही काय चेष्टा हाय? पाहुणं दारात आल्यात!" अण्णा मोठ्यानं म्हणाला, "बापू, मी फिटर हाय. खुर्च्या बसवता येत्यात मला आन काढता येत्यात. छपराचं मला काय कळत न्हाय. तुला बी न्हाय. हेच्याखाली कुणाला बसू देणार न्हाय." ह्या वेळी कुणी टाळी वाजवली नाही. कुणीतरी मागून ओरडलं, "मग दोन वर्षं इंजिनिअर म्हणून हार घालून घेतलेस ते रं?" आणि मग बापू माझ्याकडं वळले. "शोभाताई, तुमी तरी सांगा. डोकं फिरलंय काय हेचं?" मी म्हणाले, "फिटरच आहे तो, बापू. पहिल्यापासून. मला माहीत होतं."

सामना मैदानाच्या दुसऱ्या बाजूला माणसं उभी करून झाला. छप्पर पडलं नाही. त्या दिवशी नाही, पुढं वळवाच्या वाऱ्यातही नाही. नंतर एक खरा इंजिनिअर आणून दाखवला. त्यानं खालून, वरून बघितलं आणि म्हणाला, उभं आहे खरं, पण कशावर उभं आहे ते मला सांगता येणार नाही, उतरवून टाका. उतरवलं. पण न पडलेल्या छपरासाठी पेठेची अब्रू घालवणारा माणूस म्हणून अण्णाचं नाव झालं ते झालंच. फ्लेक्स त्याच दुपारी उतरला. माझ्या त्या हंगामाच्या जर्स्या दुसरीकडं गेल्या, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मी दोन वर्षं उशिरा बोलले होते.

आठवड्याभरात मुश्ताकभाई स्वतः घरी आले. "अण्णा, आता तर फिटर हायसा न्हवं? मग सोमवारपास्नं या की." अण्णा हसला. त्या सोमवारी तो डबा घेऊन निघाला तेव्हा मला वाटलं, सुटला. पण तसं झालं नाही. तालमीनं त्याला काही म्हटलं नाही, काढलं नाही. फक्त तो कट्ट्यावर गेला की बोलणं थांबायचं. त्यानं जाणं बंद केलं. मोठ्या मैदानावर सामना बघायला गेला तर प्रश्न पडायचा, बसायचं कुठं? कोल्हापुरात माणूस आपल्या पेठेच्या माणसांत बसून सामना बघतो. आपल्या बाजूला त्याच्यासाठी कुणी सरकायचं नाही आणि दुसऱ्या पेठेत बसणं त्याला मेल्याहून मेल्यासारखं. तो फाटकाजवळ उभा राहून बघायचा, नव्वद मिनिटं, त्या गेलेल्या गुडघ्यावर. मी एकदा म्हणाले, घरी मोबाइलवर बघ. म्हणाला, "हजारो माणसांची बसायची सोय केली गं मी."

अण्णा गेल्यावर बाराव्या दिवशी बापू आले. बरोबर तालमीचे दोघं. बापूंचे डोळे सुजलेले होते, ते खोटं नव्हतं. मोबाइलवर श्रद्धांजलीच्या फ्लेक्सचा नमुना आणला होता. तोच फोटो, तेच पांढरं हेल्मेट, मागं तो शिंपला. 'आंतरराष्ट्रीय इंजिनिअर'. मी म्हणाले, "हे काढा. फिटर लिहा." बापू म्हणाले, "ताई, गेलेल्या माणसाला कशाला लहान करायचं?" मी म्हणाले, "फिटर लहान असतो?" ते हळू म्हणाले, "तसं न्हवं... आमी अख्ख्या कोल्हापूरला सांगत फिरलो वो. आता फिटर लिहिलं तर आमी कोण ठरतो?" तेव्हा मला कळलं की त्या शब्दात अण्णा एकटा अडकलेला नव्हता. पण मी यावेळी टाळ्या वाजवणार नव्हते. मी सांगितलं, फिटर लिहायचं असेल तर लावा, नाहीतर लावू नका. ते विचार करून सांगतो म्हणून उठले. चौकात फ्लेक्स लागला नाही. इंजिनिअर म्हणून नाही आणि फिटर म्हणूनही नाही. पेठेतल्या कुठल्याही मेलेल्या माणसाचा लागतो, अण्णाचा नाही. ह्याला जबाबदार मी आहे, आणि ते मला पटलेलं आहे, तरी त्या रिकाम्या खांबाखालून जाताना मी मान वर करत नाही.

तेराव्यानंतर मी वर्कशॉप पुन्हा सुरू केलं. मशीनसमोरच्या बायकांच्या खुर्च्या, लोखंडी पायाच्या, दिवसभराच्या थरथरीनं ढिल्या होतात. फाउंड्रीत पुन्हा लागल्यापासून अण्णा दर सोमवारी सकाळी कामावर जायच्या आधी त्या उलट्या करून एकेक बोल्ट बघायचा. मी कधी सांगितलं नव्हतं, त्यानं कधी विचारलं नव्हतं. आता सहा सोमवार गेले होते. गेल्या सोमवारी कामाच्या बायका यायच्या आधी मी त्याच्या खोलीतून पाना आणला, पाचही खुर्च्या उलट्या केल्या आणि फरशीवर बसून एकेक बोल्ट धरला. पाना लावायचा, जोर द्यायचा. पहिला हलला नाही. दुसरा नाही. पाचव्या खुर्चीच्या शेवटच्या बोल्टपर्यंत पोचले, तोही नाही. मला करायला काहीच उरलेलं नव्हतं. मी खुर्च्या सरळ केल्या आणि कामाला लागले.